आधी गल्ला, मग काउंटर: गर्दीच्या उपाहारगृहात रांगेत कसे उभे राहावे

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास पुण्यातल्या एखाद्या चालत्या वडेवाल्याकडे किंवा इडली-डोशाच्या स्वयंसेवा उपाहारगृहात गेल्यावर काय खावे याच्याही आधी नेमके कुठे उभे राहावे, हा प्रश्न पडतो. एक रांग गल्ल्यासमोर असते. दुसरी, जिला रांग म्हणण्यापेक्षा घोळका म्हणणेच योग्य, ती पदार्थ मिळतो त्या काउंटरसमोर असते. तिसरी रांग कोणालाच दिसत नाही, कारण ती टेबल रिकामे होण्याची वाट पाहत इकडेतिकडे विखुरलेल्या माणसांची असते. अशा ठिकाणी होणाऱ्या बाचाबाचीचे मूळ क्वचितच उद्धटपणात असते. आपण यांपैकी कोणत्या रांगेत आहोत हे न कळल्यामुळे, किंवा कळूनही शेजारच्याला न सांगितल्यामुळे ती होते, असे माझे बऱ्याच वर्षांच्या निरीक्षणानंतरचे मत आहे.

आपल्याकडे वाट पाहण्याच्या दोन जुन्या रीती आहेत आणि येथे त्या दोन्ही अपुऱ्या पडतात. पहिली पंगतीची. पंगतीत सगळे एकदम बसतात, वाढपी आपल्यापर्यंत येतो आणि सर्वांचे होईपर्यंत कोणी उठत नाही, त्यामुळे बसलेल्यांमध्ये आधी कोण आणि मागून कोण, हा वाद उद्भवत नाही. दुसरी गिरणीची. पिठाच्या गिरणीत दळणाचे डबे ओळीने मांडलेले असतात आणि डब्याचा मालक घरी जाऊन तासाभराने परतला तरी त्याचा नंबर कोणी हिरावून घेत नाही. सार्वजनिक नळावरच्या हंड्या-कळशांच्या बाबतीतही हाच अलिखित करार पाळला जातो. काउंटरवर मात्र आपल्यासाठी ना पाट मांडलेला असतो, ना आपल्या नावाचा डबा. तेथे आपला नंबर केवळ आपल्या उभे राहण्याने सिद्ध होतो, म्हणून हे उभे राहणेच नीट शिकावे लागते.

आधी पद्धत ओळखावी

दारातून आत येताच गल्ल्याकडे धाव न घेता अर्धा मिनिट बाजूला थांबावे आणि इतर लोक काय करत आहेत, हे पाहावे. सर्वांत जास्त आढळते ती कूपनाची पद्धत. बेंगळुरूमध्ये १९८०च्या दशकापासून फोफावलेल्या ‘दर्शिनी’ प्रकारच्या उपाहारगृहांत ती इतकी पक्की बसली आहे की, नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच तिची सवय होते: गल्ल्यावर पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची, ती चिठ्ठी काउंटरवर ठेवायची, ताटली आपल्या हाताने उचलायची आणि उंच टेबलापाशी उभ्याने खाऊन मोकळे व्हायचे. आपल्याकडच्या वडेवाल्यांच्या दुकानांत आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्येही साधारण हाच क्रम असतो, फक्त फूड मॉलमध्ये एकाच छपराखाली अनेक स्टॉल असल्यामुळे कोणत्या गल्ल्यावरचे कूपन कोणत्या स्टॉलवर चालते, हे आधी विचारून घ्यावे लागते. एकदा मी एका ठिकाणी चांगला दहा-बारा मिनिटे रांगेत उभा राहिलो आणि नंबर आल्यावर मला कळले की, ती रांग केवळ पार्सलची होती. चूक सर्वस्वी माझी होती. माझ्या पुढच्या माणसाला एक वाक्य विचारले असते तरी ती टळली असती.

वडापावच्या गाडीवर याच्या उलट क्रम असतो, म्हणजे पदार्थ आधी आणि पैसे मागून. वडापावाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या अशोक वैद्य यांनी १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर गाडी लावली ती लोकल पकडणाऱ्या घाईतल्या माणसांसाठी, आणि आजही अशा गाडीवर गिऱ्हाइकाने किती खाल्ले हे बहुधा गिऱ्हाइकानेच सांगायचे असते. तेथे खाऊन झालेल्याने पैसे देण्यासाठी पुन्हा रांगेच्या शेवटी जाण्याची गरज नसते. त्याने बाजूने हात पुढे करावा आणि रांगेतल्यांनी त्याला घुसखोर समजू नये. याखेरीज नाव लिहून घेण्याची पद्धत आहे. माटुंग्याच्या कॅफे मद्राससारख्या ठिकाणी टेबलावर वाढले जाते, पण रविवारी सकाळी आधी दारापाशी आपले नाव आणि माणसांची संख्या सांगून पदपथावर थांबावे लागते. अशा ठिकाणी दारात दाटी करून काही साधत नाही, कारण क्रम कागदावर असतो. मात्र नाव पुकारले जाईल तेव्हा आपण ऐकू येण्याच्या अंतरावर असले पाहिजे, आणि चारजण सांगून प्रत्यक्षात सातजण आत नेणे हा यादीतल्या मागच्यांवर सरळ अन्याय आहे.

रांग का थांबते

रांगेतली निम्मी चिडचिड स्वयंपाकघरात काय चालले आहे, हे ठाऊक नसल्यामुळे होते. वडे, भजी आणि साबुदाणा वडे घाण्याने निघतात. कढईत मावतील तेवढेच वडे एका वेळी सोडता येतात, कारण त्याहून जास्त सोडल्यास तेलाचे तापमान उतरते, आवरण कच्चे राहते आणि वडा तेल पितो. त्यामुळे तळणाऱ्याला कितीही हाका मारल्या तरी घाणा त्याच्या वेळेलाच निघणार. म्हणूनच वडेवाल्यासमोरची रांग एकसारखी सरकत नाही. काही मिनिटे ती जागची हलत नाही आणि झाऱ्याने वडे परातीत उपसले की, आठ-दहाजण एकदम मोकळे होतात. डोशाचेही असेच आहे: लांबरुंद तव्यावर पाणी शिंपडून, तो पुसून, त्यावर एकदम अनेक डोसे घातले जातात आणि ते एकदमच उतरतात. याउलट पोहे, उपमा, शिरा हे पातेल्यात तयार असतात, तर मिसळीला उसळ, फरसाण, कांदा आणि रस्सा एकत्र करण्यापुरताच अवधी लागतो. थालीपीठ एकेक थापून भाजावे लागते, म्हणून ज्याला दहा मिनिटांत गाडी पकडायची आहे, त्याने ते मागवून मग काउंटरवरच्या माणसावर डाफरू नये.

हे एकदा ध्यानात आले की, थांबलेल्या रांगेत काय करू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढच्याच्या पाठीला टेकून उभे राहिल्याने, पिशवीने त्याला ढोसल्याने किंवा ‘चला हो’ असे दर मिनिटाला म्हटल्याने घाणा लवकर निघत नाही. दोन माणसांमध्ये हातभर अंतर असावे; एकट्याने आलेल्या स्त्रियांना रांगेतली ही लगट किती नकोशी होते, हे पुरुषांच्या सहसा लक्षातही येत नाही. मात्र हे अंतर इतकेही वाढू देऊ नये की, ही रांग आहे की नुसतेच कोणी उभे आहे, असा नव्याने येणाऱ्याला संभ्रम पडावा. मोबाइलमध्ये डोके घालून उभा असलेला माणूस रांग पुढे सरकल्यावरही तेथेच राहतो आणि त्याच्यापुढे पडलेल्या मोकळ्या जागेत कोणीतरी अगदी निष्पापपणे येऊन उभा राहतो. अशा वेळी दोघांपैकी अधिक चुकले कोण, याचा निर्णय मी मोबाइलवाल्याच्या विरुद्ध देईन.

घाण्याच्या हिशेबातच मोठ्या ऑर्डरचा प्रश्न येतो. कार्यालयातल्या वाढदिवसासाठी एखादा गृहस्थ पंचवीस वड्यांचे पार्सल मागतो, त्याच्या मागे उभ्या असलेल्या सहा-सात जणांना प्रत्येकी एकच वडापाव हवा असतो, आणि निघालेला सगळा घाणा त्या एका पार्सलात जातो. नियमाने पाहिल्यास त्याचे काही चुकलेले नसते, कारण त्याचा नंबर आधी होता. तरीही इतके पदार्थ न्यायचे असल्यास शक्यतो आधी दूरध्वनी करून सांगावे, आणि ते जमले नसेल तर गल्ल्यावरच ‘निम्मे आत्ता द्या, निम्मे पुढच्या घाण्यातले द्या’ असे म्हणावे. आपला वेळ यात पाच-सात मिनिटांनीच वाढतो. दुकानदारालाही ते आवडते, कारण त्याच्यासमोरची रांग हलती राहते. आषाढी एकादशीला किंवा संकष्टीला साबुदाण्याच्या पदार्थांसाठी लोटणाऱ्या गर्दीत तर हे विशेष जपावे, आणि शेवटी उभे राहण्यापूर्वी ‘खिचडी शिल्लक आहे ना?’ हे आतल्या माणसाला ओरडून का होईना, पण विचारून घ्यावे.

गल्ल्यासमोर

गल्ल्यासमोर प्रत्येकाला मिळणारा वेळ जेमतेम पाऊण मिनिटाचा असतो आणि त्या वेळात विचार करायचा नसतो, सांगायचे असते. पदार्थांचा फलक गल्ल्याच्या वर किंवा भिंतीवर लावलेला असतो तो रांगेतूनच वाचावा, बरोबरच्यांना काय हवे ते तेथेच विचारून ठेवावे, आणि आपल्या पुढे दोनच माणसे उरली की निर्णय झालेला असावा. गल्ल्यावर पोहोचून मागे वळत ‘अगं, तुला इडली की वडा?’ असे विचारणारा गृहस्थ, आणि पलीकडच्या टेबलावरून ‘तिथे आणखी काय काय आहे?’ असे ओरडून विचारणारी त्याची मंडळी, हे दृश्य कोणत्याही रविवारी दिसते. तोपर्यंत निर्णय झालाच नसेल, तर सरळ बाजूला होऊन मागच्याला पुढे जाऊ द्यावे. यात कमीपणा काही नाही.

ऑर्डर सांगताना आधी पार्सल की येथे खाणार, हे सांगावे, मग संख्या आणि पदार्थ एकत्र सांगावेत: ‘इथेच खायचंय, दोन मिसळ, एक साबुदाणा वडा, तीन चहा.’ ‘एक मिसळ द्या... बरं, अजून एक द्या... आणि चहा किती रे?’ अशा तुकड्यातुकड्यांनी सांगितल्यास गल्ल्यावरच्या माणसाला प्रत्येक वेळी बेरीज बदलावी लागते, आणि एकदा छापून निघालेले कूपन रद्द करायचे म्हणजे मागच्या सगळ्यांना थांबवणे आले. फरसाण वेगळे हवे, कांदा नको, सांबार बुडवून नको, या सूचना गल्ल्यावर सांगण्यात अर्थ नसतो, कारण तेथे केवळ पैसे घेतले जातात. त्या कूपन देताना काउंटरवर सांगाव्यात.

पैशांबाबत पूर्वी सुट्ट्यांची अडचण असे, आता नेटवर्कची असते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे दहा रुपयांच्या चहाचेही पैसे मोबाइलवरून देता येऊ लागले ही मोठी सोय झाली, पण अ‍ॅप उघडणे, बोटाचा ठसा न जुळणे, पिन आठवणे, चाक फिरत राहणे आणि मग ‘झालं का तुमच्याकडे?’ असे विचारत ध्वनियंत्राच्या घोषणेची वाट पाहणे, या सगळ्याला नोट पुढे करण्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. म्हणून अ‍ॅप रांगेतच उघडून ठेवावे आणि खिशात शंभराची एक नोट असू द्यावी. पैसे अडकले असल्यास गल्ल्याला चिकटून न राहता बाजूला सरकावे आणि पुढच्याचे होऊ द्यावे. पैसे जमा झाल्याची घोषणा बाजूलाही ऐकू येते.

येथेच एका खास आपल्या प्रकाराचा उल्लेख करावा लागेल. दोन मित्र किंवा दोन साडू गल्ल्यापाशी पोहोचतात आणि ‘आज मी देणार’, ‘छे, मागच्या वेळी तूच दिलेस’, ‘अहो, यांच्याकडून घेऊ नका’ अशी प्रेमळ झटापट सुरू होते. गल्ल्यावरचा माणूस दोन पसरलेल्या नोटांकडे आळीपाळीने पाहत राहतो आणि मागचे दहाजण उपाशीपोटी हा जिव्हाळा पाहतात. हा वाद दाराबाहेर मिटवून यावा. मिटत नसेल तर दोघांपैकी एकाने रांगेत उभेच राहू नये आणि जाऊन टेबलाजवळ थांबावे, म्हणजे पैसे कोण देणार हे आपोआप ठरते.

नंबर धरणे आणि नंबर देणे

‘माझा नंबर आहे हं, आलोच’ असे सांगून हात धुवायला किंवा गाडी नीट लावायला जाणे आपल्याकडे मान्य आहे, मात्र त्याला मर्यादा आहेत. हे सांगायचे असते ते मागच्या माणसाला. बरेचजण पुढच्याला सांगतात, जे निरर्थक आहे, कारण आपण परत आल्यावर ज्याचे नुकसान होणार तो मागे उभा असतो. आपण परतण्यापूर्वी नंबर येऊन गेला असेल, तर तो गेला असे समजावे आणि वाद घालू नये. एका माणसाने पाचजणांसाठी उभे राहण्यासही हरकत नाही, पण त्या पाचजणांची ऑर्डर एकच आणि पैसे एकाच हाताने दिले जाणार असतील तरच. नाही तर ज्याच्यापुढे एक माणूस होता, त्याच्यापुढे गल्ल्यापाशी अचानक पाच माणसे उगवतात.

जेथे अन्न मोजके असते, तेथे इतकीही सवलत घेऊ नये. २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचे उदाहरण घ्यावे: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात अशी ही थाळी होती, टाळेबंदीच्या काळात ती पाच रुपयांना दिली गेली, आणि प्रत्येक केंद्राला दिवसाच्या थाळ्यांची संख्या ठरवून दिलेली असे. अशा रांगेत मागाहून येणाऱ्या मित्रासाठी जागा धरणे म्हणजे शेवटच्या कोणाची तरी थाळी उचलून त्याला देणे होय. वडेवाल्याकडे मध्ये शिरणाऱ्यामुळे पाच मिनिटे जातात. येथे जेवण जाते.

आता औदार्याविषयी. ‘काका, मला फक्त एक पाण्याची बाटली घ्यायची आहे, जाऊ का पुढे?’ असे कोणी विचारले की, आपण पटकन होकार देतो आणि सज्जनपणाचे समाधान मिळवतो. मीही असाच एकदा होकार दिला होता. त्या बाटलीच्या जोडीला गल्ल्यावर दोन चहा आणि एक डोसा निघाला, आणि मागच्या आजी शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही तुमचा नंबर दिलात हे ठीक, पण माझा का दिलात?’ त्यांचे म्हणणे बिनतोड होते. पुढच्या माणसाने कोणाला वाट दिली की, त्याची किंमत त्याच्या मागचे सगळे मोजतात. त्यामुळे वाट द्यायची असल्यास मागच्या एक-दोघांना ‘यांना जाऊ देऊ का?’ असे विचारावे, किंवा सरळ अदलाबदल करावी, म्हणजे त्याने आपल्या जागी यावे आणि आपण त्याच्या जागी जावे. लहान मूल रडते आहे, कोणाला साखर कमी झाल्यासारखे वाटते आहे, एसटी थांब्यावर कोणाच्या गाडीच्या वाहकाने घंटी दिली आहे, अशा वेळी मात्र विचारत बसू नये. अशा वेळी हरकत घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मध्ये घुसणाऱ्याशी कसे बोलावे

मध्ये आलेल्या माणसाला रांग दिसलीच नाही, असे गृहीत धरून बोलायला सुरुवात करावी. अनेकदा ते खरेच असते. मराठीत याची सोय फार चांगली आहे: ‘तुम्ही मध्ये घुसलात’ असे न म्हणता ‘रांग इकडून आहे हो’ असे म्हटले की, वाक्यात आरोपी उरत नाही आणि समोरच्याला ‘अरे, लक्षातच आलं नाही’ असे म्हणून मागे जाता येते. वयाप्रमाणे काका, मावशी, दादा, ताई यांपैकी एखादे संबोधन लावावे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेकरी प्रत्येकाला ‘माउली’ म्हणून हात जोडतात, आणि त्या एका शब्दाने मोठमोठ्या रांगा सरळ होतात. उलट ‘ओ मिस्टर’ अशी सुरुवात झाली की, पुढचे संभाषण हिंदीत किंवा इंग्रजीत जाते आणि मग ते वड्यासाठी राहत नाही.

बोलायचे कोणी, हाही प्रश्न आहे. घुसखोर ज्याच्या पुढे उभा राहिला त्याने बोलावे. सहा माणसे मागे असलेल्याने तेथून ओरडल्यास सगळ्या रांगेचा तमाशा होतो. तो माणूस बोलण्यास संकोचत असेल, तर त्याच्या मागच्याने ‘यांचा नंबर आहे’ असे म्हणावे. एवढ्यानेही फरक पडला नाही तर गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहून ‘आधी कोणाचं घेताय?’ इतकेच विचारावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. त्याने चुकीचा निर्णय दिला, तरी एका वडापावासाठी तो स्वीकारावा.

काउंटरवरचा घोळका

कूपन हातात आले की, माणसे रांगेची शिस्त विसरतात. पदार्थ मिळतो त्या काउंटरसमोर रांग क्वचितच असते. तेथे सात-आठ हात कूपने धरून एकाच वेळी पुढे झालेले असतात. येथे क्रम डोक्यात ठेवावा लागतो. आपण आलो तेव्हा कोण उभे होते, हे एक नजर टाकून पाहावे, आणि काउंटरवरच्याने आपले कूपन आधी ओढले, तर ‘माझ्याआधी हे आहेत’ असे सांगावे. हे वाक्य मी फार प्रभावी मानतो, कारण ते ऐकल्यावर त्या घोळक्यातला पुढचा माणूसही तसेच वागतो. दहा-बारा वर्षांची मुलगी कूपन घेऊन उभी असेल आणि तिच्या डोक्यावरून मोठ्यांचे हात पुढे जात असतील, तर शेजारच्या मोठ्या माणसाने तिचा नंबर सांगणे हे त्याचे कामच आहे.

कूपन दिल्यावर काउंटरला पोट टेकवून उभे राहू नये. एक पाऊल बाजूला व्हावे, म्हणजे तयार झालेली ताटली ज्याची आहे त्याला उचलता येते. टोकन क्रमांक पुकारण्याची पद्धत असेल तर आपला क्रमांक मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मनाशी म्हणून ठेवावा. ‘सत्तेचाळीस’ची वाट पाहणाऱ्याचे ‘सैंतालीस’कडे लक्ष जात नाही आणि त्याचा डोसा थंड होतो. सगळे पदार्थ मिळेपर्यंत कूपन सोडू नये, किंवा काउंटरवरचा माणूस ते ठेवून घेत असेल तर काय मिळाले आणि काय राहिले, हे तेथल्या तेथे बोलून घ्यावे. अर्ध्या तासाने येऊन ‘माझा एक वडा राहिला होता’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला त्याच्याकडे काहीच आधार नसतो.

घरपोच खाद्यपदार्थ नेणारी मुले याच घोळक्यात उभी असतात आणि मागून येऊनही त्यांच्या हाती पिशवी आधी पडते. हा पक्षपात नव्हे. त्यांच्या गिऱ्हाइकाने ती ऑर्डर बहुधा आपण दारातून आत येण्यापूर्वीच दिलेली असते. त्यांना रोखू नये. दुकानदाराने त्यांच्यासाठी बाजूला एक वेगळी खिडकी ठेवली तर सगळ्यांचेच भले होईल.

जागेची रांग

ताटली हातात आहे आणि टेबल रिकामे नाही, ही स्थिती सर्वांत कठीण. लग्नाच्या कार्यालयात जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहण्याची आपल्याला जुनी सवय आहे: पुढच्या पंगतीत जागा मिळावी म्हणून माणसे ताक पिणाऱ्याच्या मानेवर श्वास सोडत उभी असतात. ती सवय येथे आणू नये. मुंबईच्या लोकलमध्ये ‘कुठे उतरणार?’ असे विचारून बसलेल्याची सीट आपल्या नावावर करून ठेवणे शिष्टसंमत आहे, कारण त्याचे स्थानक आधीच ठरलेले असते आणि आपल्या विचारण्याने ते जवळ येत नाही. खाणाऱ्याला ‘तुमचं होत आलं का?’ असे विचारले की, तो घास घाईने गिळतो. चार पावले दूर, पण त्याला दिसेल असे उभे राहावे. चहा संपवून गप्पा मारणारी मंडळी दोन मिनिटांत आपण होऊन उठतात. नाहीच उठली, तर ‘इथे एका बाजूला उभे राहिलो तर चालेल का?’ असे विचारावे, कारण स्वयंसेवेच्या ठिकाणी टेबल हे वाटून घेण्यासाठीच असते.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचे कौशल्य अनेकांनी टेबलावरही वापरायला सुरुवात केली आहे: गल्ल्यावर जाण्यापूर्वीच पर्स, हेल्मेट किंवा एक कंटाळलेला मुलगा टेबलावर बसवला जातो. माझ्या मते गर्दीच्या वेळी टेबलावर पहिला हक्क ताटली घेऊन उभ्या असलेल्याचा आहे, कूपन घेऊन उभ्या असलेल्याचा नाही. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना किंवा कडेवर मूल असलेल्या आईला आधी बसवणे यात बसते, धडधाकट चौघांनी टेबल अडवून पाचव्याला रांगेत पाठवणे बसत नाही.

खाऊन झाल्यावर खरकटी ताटली ठेवलेल्या टबात टाकावी, ताटलीत हात धुऊ नयेत, आणि बेसिनपाशीही मागे कोणी उभे आहे हे ध्यानात ठेवून खळखळून चुळा भरण्याचा सोहळा आवरता घ्यावा. निघताना गल्ल्यावरच्या वाटीतली बडीशेप हवी असेल किंवा सुट्टे नसल्यामुळे राहिलेले पाच रुपये परत घ्यायचे असतील, तर रांगेतल्या पहिल्या माणसाला ओलांडून मध्ये न जाता गल्ल्याच्या कडेला थांबावे आणि त्याचे कूपन छापून होईपर्यंतच्या क्षणात हात पुढे करावा.